दगडीला जिल्हई

चौतीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चुका शोधत होतो. हुद्द्याचं नाव क्वालिटी इन्स्पेक्टर असं भारदस्त होतं, पण काम हेच. पंपांचे सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे, मी ते मापायचो आणि प्रत्येकाला तीन रंगांपैकी एक चिठ्ठी बांधायचो. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे पुन्हा काम करून आणा, लाल म्हणजे भंगार. एकदा बांधलेली चिठ्ठी मी सोडत नसे, मग समोरचा कितीही कळवळून बोलो. कारखान्यात आपल्याला फार मान आहे असा माझा समज होता. निरोप समारंभाला निम्मी माणसं शिफ्टचं कारण सांगून आली नाहीत, तरी तो समज मी जपून घरी आणला.

घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मी सगळी दारं गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का ते तपासलं, गॅलरीचा उतार उलट्या बाजूला आहे हे सिद्ध केलं, आणि पोळ्या कडेला जाड नि मध्ये पातळ होतात हे बायकोच्या निदर्शनास आणून दिलं. बायको शाळेत गणित शिकवायची, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेली. तिने लाटणं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर जाऊन टीव्ही लावला. पोळ्यांचा विषय तिथेच मिटला.

दुसरा एक विषय मात्र मी सोडला नव्हता. तो तिच्या दगडीचा. दगडी म्हणजे मऊ दगडाच्या एकाच तुकड्यातून कोरून काढलेलं कालवणाचं भांडं, कोकणात असतं तसं. ती सासूबाईंची. त्या शेवटच्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मालवणकडच्या गावाहून ती गोणपाटात गुंडाळून, रात्रभर एसटीत मांडीवर घेऊन आल्या होत्या. सोबत लांब दांड्याची एक पितळी पळी. दोन्ही वस्तू लेकीच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "हेका घासू नको गो. नुसता पाण्यान धू." मी तिथेच सोफ्यावर पेपर वाचत होतो. सूचना लेकीला होती, मला नव्हती, असं मी धरून चाललो.

मी साताऱ्याकडचा. लग्नाआधी मासा पाहिला होता तो फक्त विहिरीत. या दगडीतलं बांगड्याचं तिखलं, ते तिरफळ घातलेलं दाट कालवण, मात्र मी पहिल्या घासापासून मुकाट्याने खात आलोय, आणि त्याबद्दल कधी कुठली चिठ्ठी बांधली नाही. पण भांड्याकडे बघितलं की माझं डोकं फिरायचं. बाहेरून, आतून काळंकुट्ट. दोन कानांपैकी एकाचा टवका उडालेला, म्हणून तो कान कायम भिंतीकडे करून ठेवायचा. आणि काठाला डाव्या बाजूला एक खाच, अंगठा बसेल एवढी. बायको उजव्या हाताने ढवळायची आणि मग तोच हात आडवा नेऊन पळी त्या डावीकडच्या खाचेवर आपटायची. दोनदा. दर वेळी, बरोबर दोनदा.

"अगं, भांडं फिरवून ठेव," मी सांगायचो. "खाच उजवीकडे येईल. हात कशाला आडवा नेतेस? कारखान्यात ह्याला वाया गेलेली हालचाल म्हणतात."

"असू दे," ती म्हणायची.

एवढ्या वर्षांत तिने दुसरं काही उत्तर दिलं नाही आणि मी दुसरा काही प्रश्न विचारला नाही.

दगडाचा छंद मला लागला तो एका जुन्या शर्टाच्या खिशातून. लोखंडावर खुणा करायला वेल्डर लोक एक चपटा पांढरा खडू वापरतात. तो खरा खडू नसतोच, ती संगजिऱ्याची पट्टी असते. संगजिरं इतकं मऊ की नखानेही ओरखडा उठतो, आणि हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. आमच्या लहानपणी पाटीवरची पेन्सिल असायची तीही याच जातीची. खिशात निघालेली पट्टी मी टीव्हीवरची चर्चा बघताबघता चाकूने तासत बसलो. चर्चा संपली तेव्हा चर्चेतून काही निघालं नव्हतं, पण माझ्या हातात मासा होता. निदान मी तरी त्याला मासा म्हणत होतो.

पुढच्याच आठवड्यात मी कल्याणला गेलो. तिथे दगडी देव्हारे आणि जाळ्या विकणाऱ्याचं एक आवार मला माहीत होतं. मागच्या भिंतीशी संगजिऱ्याचे तुटके तुकडे ढीग करून टाकलेले असतात.

"काका, ह्याचं काय करणार?" मालकाने विचारलं.

"छंद आहे."

"कुणाला?"

"मला."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एका पोऱ्याला हाक न मारता स्वतःच उठून तुकडे पिशवीत भरून दिले. पिशवी खांद्याला लावून दिली तेव्हा वर म्हणाला, "सांभाळून हां काका, मुका मार लागेल." मला त्याचा थोडा राग आला होता, पण दगड चांगला होता. हिरवट राखाडी, मध्ये एकही शीर नाही.

गॅलरीत माझा कारखाना सुरू झाला. एक जुनं टेबल, लोखंड कापायची करवत, तीन कानशी, पाण्याची बादली आणि पॉलिश पेपरचे गठ्ठे. सुक्या दगडाची धूळ छातीत जाते, म्हणून तोंडाला मास्क आणि सगळं काम ओलं. तरी पहिल्या चार दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुरडयांवर पांढरी पूड बसलीच. वहिनी वर आल्या. त्या भांडायला आल्या होत्या, पण मला मास्क लावून हत्ती घासताना बघून आल्या पावली परत गेल्या. बायकोने नंतर त्यांना चहाला बोलावून काय समजावलं ते मला कळलेलं नाही. पण तेव्हापासून त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

त्या हत्तीबद्दल सांगायला हवं. त्याची सोंड दुसऱ्या दिवशी तुटली, म्हणून मी त्याचं रानडुक्कर केलं. रानडुकराचा पाय गेला तेव्हा कासव केलं. कासवाची मान कानशीखाली आली, आणि शेवटी जे उरलं ते मी नीट गोल करून त्याला जिल्हई दिली. सुंदर अंडं झालं. पुढच्या वर्षभरात माझ्याकडे घोडा, बदक, गणपती आणि बसलेला माणूस यांची मिळून अकरा अंडी जमली. गणपतीचं अंडं करताना मात्र मी आधी हात जोडले होते.

पण ती जिल्हई! तिथे माझा कोणी हात धरू शकत नाही हे मी आजही सांगतो. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ऐंशी नंबरने सुरुवात करायची, मग दोनशेवीस, चारशे, हजार, दोन हजार. आधीच्या पेपरचा एकही ओरखडा राहिला असेल तर पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. लोक इथे आळस करतात. शेवटी दगड गरम करायचा, मधमाशीचं मेण चोळायचं आणि सुती कपड्याने घासत राहायचं. मेण मुरलं की दगडाच्या आतून रंग वर येतो, आणि ट्यूबलाइट त्यात सरळ रेषेत दिसते. मी प्रत्येक अंड्यात ट्यूबलाइट बघायचो. बायकोलाही दाखवायचो.

"दिसली," ती म्हणायची. "बंद करू का आता? बिल येतं."

ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या अशा दगडवेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. बहुतेक सगळे निवृत्त, सगळे हुशार, आणि प्रत्येकाच्या घरच्यांनी त्याला गॅलरीत काढलेलं. रोज सकाळी एकमेकांच्या दगडांना अंगठे दाखवायचे. दर महिन्याला ग्रुपवर एक विषय असतो. त्या महिन्याचा विषय होता जुन्याला जिल्हई: घरातली एखादी जुनी दगडी वस्तू घ्यायची, नवीकोरी करायची, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकायचे. कोणी पाटा घेतला, कोणी खल. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि ओट्यावर दगडी दिसली.

बायको त्या सुमारास आठ दिवस पुण्याला लेकीकडे गेली होती. मी तिला चकित करायचं ठरवलं. हे मी आत्ता सारवासारव म्हणून लिहीत नाही. मला खरंच वाटलं की हातात एवढी कला आली आणि घरातली सर्वांत जुनी वस्तू अशी कळकट राहावी, हे बरं नाही. शिवाय खाच गेली की तिची हात आडवा न्यायची सवयही आपोआप जाईल, म्हणजे एका कामात दोन दोष निघतील. मी दगडीचा आधीचा फोटो काढला, चांगला दिवसाच्या उजेडात, खाच आणि मोडका कान नीट दिसतील असा. दोष स्पष्ट दिसायला हवेत ही माझी जुनी शिस्त.

पहिल्या दिवशी ऐंशी नंबरने काळं उतरवायला घेतलं. ते सहज उतरेना. वर्षानुवर्षांचं तेल, चिंच, मिरची आणि धूर दगडात एवढा मुरला होता की पेपर भरून यायचा आणि बादलीतलं पाणी काळं व्हायचं. आणि त्या पाण्याला वास येऊ लागला. तिरफळाचा, बांगड्याचा, ओल्या खोबऱ्याचा. गॅलरीभर तिखलं शिजत असल्यासारखा वास सुटला, आणि शेजारच्या इमारतीतली मांजर कठड्यावर येऊन बसली. तिथे मी थांबायला हवं होतं. मी त्या वासावर नाक वाकडं केलं आणि बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. तीन दिवसांत अशा किती बादल्या ओतल्या ते आठवत नाही.

चौथ्या दिवशी काठ. त्याला जाड काचेवर पेपर चिकटवून दगडी उलटी घासायची, की काठ अगदी एका पातळीत येतो. खाच खोल होती, त्यामुळे सगळाच काठ तेवढा खाली आणावा लागला. मी व्हर्नियर घेऊन आठ ठिकाणी उंची मापली. कारखान्यातून माझ्याकडे एवढं अचूक काम कधी आलं नव्हतं. पाचव्या दिवशी मोडक्या कानाचा टवका गोल करून घेतला. दुसरा कानही तेवढाच छोटा करायचा होता, म्हणजे दोन्ही सारखे झाले असते. पण आधी सगळ्याला मेण लावून फोटो काढावा असा मोह झाला, आणि बायको एक दिवस आधीच येणार असल्याचा फोन आला, म्हणून दुसरा कान वाचला.

मेण लावल्यावर दगडी ओळखू येईना. पावसाळ्यातल्या शेवाळाचा असतो तसा हिरवा रंग, आणि पोटावर ट्यूबलाइट, सरळ. दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासात इतके अंगठे आले की मोजायचं सोडून दिलं. ठाण्याच्या एका गृहस्थांनी तर लिहिलं, "सर, नमस्कार करतो." चौतीस वर्षांत मला कोणी कामाबद्दल नमस्कार केला नव्हता. मी दगडी जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि गाडीची वेळ बघत बसलो.

बायको आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि टेबलाकडे पाहिलं.

"हे कुठून आणलंत?"

"ओळख बघू."

"छान आहे. कल्याणहून?"

मला हसू आवरेना. "अगं, नीट हातात घेऊन बघ."

तिने दगडी उचलली. डोळ्यांनी जे कळलं नव्हतं ते वजन हातात आल्यावर कळलं असावं, कारण तिचा चेहरा तिथेच बदलला. तिने अंगठा काठावरून फिरवला. पूर्ण एक फेरी. मग पुन्हा एक, सावकाश.

"खाच कुठाय?"

"काढली," मी म्हणालो. "सगळा काठ एका पातळीत आणलाय. काचेवर उलटी ठेव, खालून कागद सरकणार नाही."

तिने दगडी दोन्ही हातांनी परत टेबलावर ठेवली.

"आईची होती ती," ती म्हणाली.

"दगडी? ते माहितीये की मला."

"खाच."

मग ती हातपाय धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्यावर तिने कुकर लावला, भाजी चिरली, आणि जेवताना म्हणाली, "छान झालीय. मेहनत केलीत." आमच्या एवढ्या संसारात तिने माझ्या ज्या कशाचं कौतुक केलं असेल, त्यात हे मला सर्वांत वाईट लागलं.

लेकीने फोन केला तो दुसऱ्या दिवशी. "बाबा, तुम्ही आजीची दगडी घासलीत?"

"पॉलिश केली."

"म्हणजे घासलीत ना?"

मी विषय बदलला.

दगडी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये गेली, माझ्या अकरा अंड्यांच्या शेजारी. मेण लावलेल्या भांड्यात काही शिजवता येत नाही, त्यामुळे तिचं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. तिखलं आता स्टीलच्या पातेल्यात व्हायला लागलं. त्यात सगळं तेच घातलेलं असायचं आणि तरी ते तिखलं नसायचं. येणारे-जाणारे शोकेससमोर थांबायचे, "काय सुंदर!" म्हणायचे, खालच्या वहिनींनीसुद्धा हळू आवाजात कौतुक केलं. बायको हसून म्हणायची, "ह्यांनी केलंय." एकदाही तिने ते टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मी दोन शब्द उलट बोललो असतो आणि भांडण होऊन गेलं असतं. तिने ती सोय ठेवली नाही.

मी माझ्या परीने दुरुस्तीचे मार्ग शोधले. ग्रुपवर सहज म्हणून विचारलं की पॉलिश केलेला दगड पुन्हा काळा करायचा तर काय करतात. तेल चोळा, दोन दिवसांत काळा होतो, असं उत्तर आलं. मग मी बायकोला म्हणालो, "हे बघ, गोल कानस आहे माझ्याकडे. होती तेवढीच खाच, होती तिथेच करून देतो. फोटोवरून माप काढता येईल. वर तेल लावू, रंगही येईल. फरक कळणार नाही."

ती कोथिंबीर निवडत होती. "कोणाला कळणार नाही?" तिने विचारलं.

हा प्रश्न मी स्वतः कारखान्यात शेकडो वेळा विचारला होता, तडा पुट्टीने बुजवून आणणाऱ्यांना.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी मी माफी मागितली. मला ती मागता येत नाही, सवय नाही. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती तेव्हा मी दारातून म्हणालो, "माझं चुकलं. मला विचारायला पाहिजे होतं." एवढं बोलायला मला कुठलाही दगड घासण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. ती वळली नाही. पण हात थांबले.

"आई गेली तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते," ती म्हणाली. "पोचेपर्यंत सगळं झालेलं. आईचं म्हणून दुसरं काय आणलं मी? साड्या वाटल्या, दागिने भावजयीकडे. ती खाच आईच्या पळीने पडलेली, जन्मभर आपटून. पळी आपटली की तेवढे दोन ठोके आई घरात असायची. रोज. तुम्हाला ती वाया गेलेली हालचाल वाटायची."

मी तिथेच उभा राहिलो. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"तो आधीचा फोटो आहे ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "मला पाठवा."

मी पाठवला. तिने तो दोन बोटांनी मोठा केला, खाचेवर आणला आणि चष्मा वर करून बघत राहिली. दोष स्पष्ट दिसावेत म्हणून मी काढलेला फोटो. खाच त्यात खरंच फार स्पष्ट आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने शोकेस उघडली आणि दगडी माझ्यापुढे ठेवली. "मेण काढून द्या."

मी ते दोन दिवसांत काढून दिलं. दगडीत पाणी भरून मंद आचेवर ठेवायचं, मेण वर तरंगतं, ते कागदाने टिपायचं, पुन्हा पाणी. एकदम आच दिली तर दगड तडकतो, म्हणून मी स्टूल घेऊन गॅसपाशी बसून राहिलो. मेण निघालं तशी चमकही गेली. कुठला पॉलिश पेपर नाही, काही नाही, साध्या पाण्याने गेली. मग बायकोने ताबा घेतला. आत-बाहेर तेल, रोज तांदळाची पेज, ती रात्रभर तशीच, सकाळी ओतून नुसत्या पाण्याने धुवायची. सासूबाईंनी ती अशीच तयार केली होती म्हणे, लग्न होऊन आल्यावर. आठ दिवसांनी पहिलं तिखलं झालं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

माझ्या तोंडात पाटीवरच्या पेन्सिलीची चव होती. लहानपणी आम्ही ती चोरून खायचो. "खडूसारखं लागतंय," मी खरं ते सांगितलं.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "लागणारच. आईचंही लागायचं म्हणे, पहिलं वर्षभर. बाबा काही बोलायचे नाहीत."

"काळी व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस?" ती म्हणाली. "तुम्ही जेवा."

ढवळून झालं की ती अजूनही हात आडवा न्यायची आणि पळी काठावर आपटायची. पूर्वी पळी खाचेत बसून राहायची. आता काठ एका पातळीत होता, अगदी आठही ठिकाणी, त्यामुळे दुसऱ्या ठोक्याला ती सरकायची आणि दांड्यासकट कालवणात जायची. बायको चिमट्याने पळी काढायची, दांडा पुसायची आणि पुढच्या कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पळी ठेवायला एक छोटी स्टीलची ताटली आणून दिली. ती तिने लिंबू ठेवायला घेतली.

मी व्हर्नियर बाहेर काढला. ती देवळात गेली की मी दगडीचा काठ डावीकडे मापायचो आणि जुन्या डायरीत आकडा लिहायचो. पहिल्या महिन्यात फरक शून्य. तिसऱ्या महिन्यात शून्य. सहाव्या महिन्यात एकदा किंचित फरक आला म्हणून मी हरखलो, पण तो वाळलेल्या मसाल्याचा कण निघाला. आयुष्यभर मी झीज दिसली की लाल चिठ्ठी बांधत आलो. आता ओट्यापाशी चोरासारखा उभा राहून झिजेची वाट बघत होतो, आणि आमच्या दोघांच्या वयाकडे बघता हा हिशेब जुळणार नाही हे गणिताच्या बाईंना न विचारताही मला कळत होतं.

गेल्या रविवारी तिचे हात पिठात होते. गॅसवर दगडीत तिखलं उकळत होतं. गॅस बंद केला तरी ती किती वेळ रटरटत राहते, ते पूर्वीसारखंच आहे. "जरा ढवळता का?" तिने मला विचारलं. दगडीला हात लावायला तिने मला त्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच सांगितलं होतं. मी पळी घेतली, तळापासून नीट ढवळलं आणि ती काठावर आपटली.

"तिथे नाही," ती म्हणाली. "त्या बाजूला."

"डावीकडे? पण हात आडवा जातो ना. सासूबाईंची तरी खाच तिथे कशी..."

"आई डावरी होती," ती म्हणाली.

सासूबाई आमच्याकडे महिनोन् महिने राहून गेल्या. मला वाढलं, माझ्यासमोर नारळ खवले, माझ्या लेकीला भरवलं. मी त्यांच्या पोळ्यांची जाडीसुद्धा मनातल्या मनात मापली होती. त्या कोणत्या हाताने वाढायच्या हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांची लेक उजव्या हाताची असून इतकी वर्षं आईच्या बाजूला हात नेत होती, आणि मी तिला भांडं फिरवायला सांगत होतो.

मी पळी डाव्या हातात घेतली. पुन्हा ढवळलं, बेताबेताने, कारण त्या हाताला सवय नव्हती आणि रस्सा हिंदकळत होता. मग पळी डाव्या काठावर आपटली.

"दोनदा," ती म्हणाली.